खडकावरची वस्ती

आमचें गांव निमगांव सावा. जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगास, सह्याद्रीचा पाऊस जेथें थकून पोंचतो अशा पट्ट्यांत तें वसलें आहे. आणि अशा गांवच्या माणसानें आयुष्याचीं तीसांहून अधिक वर्षें समुद्रांतील खडकांस चिकटून राहणाऱ्या जीवांच्या नादांत घालवावीं, हें आमच्या गांवकऱ्यांस अजूनही पटलेलें नाहीं. दिवाळीच्या सुट्टींत पारावर बसलों म्हणजे कोणी तरी वडीलधारा हटकून विचारतो, "काय मास्तर, अजून दगडच खरवडतां का?" आम्ही होय म्हणतों. प्रश्न थट्टेचा असला, तरी उत्तर अक्षरशः खरें आहे.

या नादाचें मूळ मात्र गांवांतच आहे. आमच्या भाऊबंदांची एक पायविहीर होती. उन्हाळ्यांत पाणी उतरूं लागलें म्हणजे तिच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत. वरच्या पायऱ्या कोरड्या व काळ्या, मधल्यांवर हिरवट बुरशी, आणि पाण्यालगतच्या पायरीवर बोटभर लांबीचें शेवाळ. एके वर्षीं विहिरीचा गाळ काढला, तेव्हां पायऱ्याही घांसून स्वच्छ केल्या. पुढें पाणी चढलें, आणि चारच दिवसांनीं धुतलेल्या पायरीवरून आम्ही घसरून पडलों. पायरी तर डोळ्यांस लख्ख दिसत होती! आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "डोळ्याला दिसायच्या आधी पायाला कळतं." पुढें विद्यापीठाच्या पदव्या घेतल्यावर आम्हांस समजलें कीं, उघड्या दगडावर जीवसृष्टि कशी वसते या शास्त्राचें पहिलें सूत्र आत्याबाईंनीं आम्हांस गुडघा फुटला असतां शिकविलें होतें.

सन १९८९ मध्यें पुण्यास शिकत असतां महाविद्यालयाच्या सहलीबरोबर आम्ही अलिबागेस गेलों, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षीं समुद्र प्रथम पाहिला. सोबती लाटांकडे धांवले. आम्ही मात्र कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर खिळून राहिलों. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळांत, सन १६८० च्या सुमारास, उभारणीस लागलेला हा किल्ला भरतीस पाण्यानें वेढला जातो. ओहोटीस तेथें पायीं जातां येतें. त्याच्या तटाचे अजस्र चिरे चुन्यावांचून एकावर एक रचलेले आहेत. वाटेंतील खडकास हात लावतांच आमच्या मनांत आलें, हा तर आपल्याच विहिरीचा दगड! आणि तें खरेंच होतें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे जे थर पसरले, त्यांतच जुन्नरचीं लेणीं कोरलीं आहेत, त्यांतूनच नाणेघाट खाली कोंकणांत उतरतो, आणि त्याच थरांचा काळा पाषाण अलिबागेस समुद्रांत शिरतो. सातवाहनांच्या काळीं जुन्नरचा माल ज्या घाटानें बंदरांकडे उतरे, त्याच दिशेनें आम्ही उतरलों होतों, एवढेंच. पुढें समुद्रकांठच्याच एका महाविद्यालयांत आम्हांस प्राणिशास्त्राचें अध्यापकपद मिळालें, आणि उतरलेला माल परत वर गेला नाहीं.

ओहोटीच्या वेळीं असा खडक पाहण्यासारखा असतो. सर्वांत वर, जेथें केवळ तुषार पोंचतात, तेथें मिरीच्या दाण्याएवढे शंख भेगांतून दाटी करून बसलेले असतात. त्याखालीं चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखा पांढरा पट्टा दिसतो; ते बार्नाकल. त्याखालीं कालवें, आमच्याकडील कोळणी ओहोटी साधून लोखंडी हत्यारानें तीं फोडतात व आंतील मांस काढून घेतात. अगदीं खालीं, जेथें खडक क्वचितच उघडा पडतो, तेथें शेवाळाच्या जटा, स्पंज, जाळीदार पापुद्र्यासारखे पसरणारे ब्रायोझोआ, आणि ॲसिडियन नांवाचे पखालीसारखे मऊ, पाण्यानें भरलेले जीव. पखाल दाबली असतां जशी चिळकांडी उडते, तशीच ती यांच्यांतूनही उडते.

यांपैकीं बार्नाकलाविषयीं चार शब्द अधिक सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. त्याचें कवच पाहून कोणीही त्यास शंखशिंपल्यांत जमा करील. परंतु तो खेंकडा व कोळंबी यांचा भाऊबंद आहे. डोकें दगडास चिकटवून, पाय वर करून, पायांनींच तो अन्न तोंडांत लोटतो. या विचित्र प्राण्याच्या अभ्यासांत डार्विनसारख्या पुरुषानें सन १८४६ ते १८५४ अशीं आठ वर्षें खर्चिलीं, हें आम्ही गांवच्या पारावर सांगून पाहिलें; उपयोग झाला नाहीं. बालपणीं हा प्राणी पाण्यांत स्वैर फिरत असतो. शेवटच्या बालावस्थेंत तो खाणेंपिणें सोडतो आणि केवळ जागा शोधतो. शृंगिकांच्या टोकांवर चालत चालत तो दगडाचा पृष्ठभाग चांचपतो, आपल्या जातीचा कोणी आधीं बसला आहे काय याचा कानोसा घेतो, पसंत न पडल्यास पुन्हां पाण्यांत उडी घेतो. सोयरीक जुळवितांना घर पाहतात, त्याहून ही पाहणी बारीक असते. कारण एकदां चिकट द्रव सोडून तो बसला, कीं जन्मभर तेथून हलणें नाहीं.

तेव्हां प्रश्न असा कीं, अगदीं उघड्या दगडावर प्रथम कोण येतें, मग कोण, आणि कां? यास शास्त्रांत अनुक्रमण म्हणतात. प्रथम येतात ते सूक्ष्म जंतु. दगड पाण्यांत बुडाल्यापासून कांहीं तासांतच ते त्यावर अदृश्य, बुळबुळीत लेप चढवितात. आत्याबाईंचें सूत्र तें हेंच. मग एकपेशीय शैवालें, मग डोळ्यांस दिसणारें हिरवें शेवाळ, बार्नाकल, चुन्याच्या नळ्या करून राहणारे किडे. आणि मागाहून कालवें, स्पंज, ॲसिडियन यांसारखे सावकाश येणारे परंतु पसरून बसणारे.

क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें सन १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या क्रमास जवळजवळ धर्मनियमाचें रूप दिलें. त्याच्या मतें वनस्पतींचा समाज हा एका देहासारखा जन्मतो, वाढतो आणि ठरलेल्या प्रौढावस्थेस पोंचतो. आधीं आलेले जमीन तयार करतात, तयार झाली कीं स्वतः मागें सरतात, आणि पुढच्यांस वाट देतात. मूळ विषय जमिनीवरील रानांचा. परंतु आमच्या विद्यार्थिदशेंतील पुस्तकांनीं तोच कित्ता समुद्रांतील खडकांसही घालून दिला होता. आम्हीही वर्षानुवर्षें तोच गिरविला. "प्रत्येक पाहुणा पुढच्यासाठीं अंथरूण घालून जातो" हें आमच्या व्याख्यानांतील वाक्य विद्यार्थी वह्यांत उतरून घेत, आणि आम्हांसही तें फार आवडे.

कां आवडे, हेंही सांगतों. आमच्या घरचा इतिहास आम्हांस त्यांत दिसे. आजोबांनीं मुरमाड रानांतले दगड वेंचून बांध घातले, वडिलांनीं त्यांत माती ओढली, थोरल्या बंधूंनीं सातवींतून शाळा सोडून नांगर धरला. आणि या तीन थरांवर आम्ही, शेवटचे, पदवीधर होऊन बसलों. निसर्गांतही हेंच चालतें, असें पुस्तक सांगत असल्यावर पुस्तकावर शंका घेण्याचें आम्हांस कारण काय?

सन २००४ मध्यें आमच्या पदव्युत्तर वर्गांत एका कोळ्याची मुलगी होती. प्रबंधासाठीं तिनें काळ्या दगडाच्या पाटीएवढ्या बारा फरशा घेतल्या, त्यांस भोंकें पाडून नायलॉनच्या दोरीनें मासळीच्या धक्क्याखालीं टांगल्या. चार दिवाळीनंतर, चार मार्चअखेर, आणि चार पाऊस तोंडावर आला असतां. दर पंधरवड्यास ती ओहोटी साधून उतरे, फरशा वर काढी, भिंगाखालीं मोजणी करी व पुन्हां सोडी. काम कष्टाचें होतें, आणि तिच्या हातांवर बार्नाकलांनीं कापल्याच्या रेघा नेहमीं असत.

वर्षअखेर तिनें वही आमच्यापुढें ठेविली. दिवाळीनंतरच्या फरशांवर सारें पुस्तकाबरहुकूम होतें: लेप, शेवाळ, बार्नाकल. मार्चच्या फरशांवर मात्र ब्रायोझोआ आणि ॲसिडियन आधींच पसरले होते. त्यांनीं दगड झांकला, तो झांकलाच. बार्नाकल त्यांवर आले नाहींत. जे कडेनें आले तेही गुदमरून मेले. पावसाळी फरशांवर गाळ आणि किड्यांच्या नळ्या यांपलीकडे फारसें कांहीं टिकलें नव्हतें. खालीं तिनें लिहिलें होतें कीं, तिन्ही संचांचा क्रम निराळा असून आधीं बसलेल्यानें नंतर येणाऱ्यास मदत केल्याचें आढळत नाहीं.

आम्ही त्यावर लाल शाईनें रेघ मारली. फरशांची अदलाबदल झाली असावी, असें आम्ही तिला सांगितलें.

"सर, फरशांवर खुणा कोरल्यात," ती म्हणाली. "बदलल्या असत्या तर कळलं असतं."

"मग मोजण्यांत चूक असेल. पुस्तकांतला क्रम पहा आणि तक्ता नीट लावून आणा."

तिनें आणला. दिवाळीच्या चार फरशा ठेविल्या, उरलेल्या आठ गाळल्या. आम्ही तिला बेताचे गुण दिले. तिला पुढें संशोधन करावयाचें होतें. तें तिनें केलें नाहीं. शिफारसपत्र मागावयासही ती आमच्याकडे आली नाहीं.

सन २०१२ मध्यें आमच्याकडे विभागप्रमुखपद आलें, आणि ग्रंथालयांतील जुन्या नियतकालिकांची छाननी करण्याचें काम अंगावर पडलें. त्यांत सन १९७७ चा एक अंक हातीं आला. कॉनेल आणि स्लॅटियर या दोघांचा लेख त्यांत होता. तो लेख जगभर शेंकडों ठिकाणीं आधार म्हणून दिला जात होता. आमच्या खोलीपासून वीस पावलांवर, कपाटांत, तो आमच्या नेमणुकीच्याही आधीपासून पडून होता. त्या दोघांचें म्हणणें थोडक्यांत असें: आधीं आलेले पुढच्यांस साह्य करतात, हा अनुक्रमणाचा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारांत आधीं आलेल्यांचें असणें-नसणें सारखेंच. मागाहून येणारे आहे त्यांतच चिवटपणें वाढतात. आणि तिसऱ्या प्रकारांत आधीं आलेला जागा धरून बसतो, कोणासही येऊं देत नाहीं. तो मरेल, खाल्ला जाईल किंवा उपटला जाईल तेव्हांच दुसऱ्यास जागा मिळते. मग येणारा कोण, हें तो मेला त्या महिन्यांत पाण्यांत कोणाचीं पिल्लें तरंगत होतीं यावर अवलंबून.

हा कॉनेल बार्नाकलांतच मुरलेला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील त्याचें काम सन १९६१ मध्यें प्रसिद्ध झालें होतें. एका जातीचे बार्नाकल दुसऱ्या जातीच्या बार्नाकलांस खालून उचकटून, वरून चिरडून कसे हुसकतात, हें त्यानें मोजून दाखविलें होतें. तो लेख वाचल्यावर आम्ही आणखी शोधूं लागलों. उत्तर कॅरोलायनांतील बोफर्ट येथें सदरलंड यानें अशाच पाट्या समुद्रांत टांगून वर्षानुवर्षें निरीक्षण केलें होतें. पाटी कोणत्या ऋतूंत टांगली यावर तिच्यावर कोण बसणार हें ठरतें, आणि कांहीं जाती एकदां बसल्या कीं नव्या पिल्लांस थारा देत नाहींत, असें त्यास आढळलें. सूझा यानें सन १९७९ मध्यें दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील धोंड्यांचा वृत्तांत दिला. तेथें हिरवी उल्वा प्रथम येते आणि मागाहून येणाऱ्या तांबड्या शेवाळास अडवून धरते. खेंकडे तिला कुरतडतात तेव्हां कोठें त्याला वाव मिळतो. लहान धोंडे लाटांनीं वरचेवर उलटतात, त्यांवर नेहमीं नवशिके. मोठे सहसा उलटत नाहींत, त्यांवर एकाच जातीची मिरासदारी. आणि मध्यम आकाराच्या, अधूनमधून उलटणाऱ्या धोंड्यांवर सर्वांत अधिक जाती. आमच्या किनाऱ्यावर उलथापालथीचें हें काम दरसालचा पावसाळा करतो. खवळलेल्या लाटा खडक खरवडून काढतात, नद्यांचें गोडें पाणी खाड्यांच्या तोंडाशीं कित्येकांस मारतें, आणि भाद्रपद-आश्विनांत जागांचा बाजार नव्यानें भरतो.

हें सारें जहाजवाल्यांसही ठाऊक असावेंच लागतें, कारण त्यांच्या दृष्टीनें जहाजाचा तळ म्हणजे फिरता खडक. तळास वस्ती झाली कीं वेग मंदावतो, इंधन अधिक जळतें. सन १७६१ मध्यें इंग्रज आरमारानें 'अलार्म' जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. विसाव्या शतकांत कथिलाचीं जहाल रसायनें रंगांत मिसळलीं, तीं कालवांच्या व गोगलगाईंच्या मुळावर आलीं, म्हणून सन २००१ मध्यें आंतरराष्ट्रीय करार होऊन सन २००८ पासून त्यांस बंदी झाली. पण हा विषय आमचा नव्हे.

आमचा विषय तीं गाळलेलीं आठ नांवें. म्हणजे आठ फरशांचे क्रमांक. आम्ही स्वतः दोन वर्षें फरशा टांगल्या. त्याच धक्क्याखालीं, त्याच तीन वेळांस. दोरी तुटून दोन गेल्या, एक कोणी तरी नांगरास बांधण्यासाठीं नेली. उरलेल्यांनीं तिच्या वहीस साक्ष दिली. साह्याचीं उदाहरणें मुळींच नव्हतीं असें नाहीं. बार्नाकलांच्या रिकाम्या कवचांत लहान शंख आसरा घेत, त्यांच्या खडबडीत पाठींवर कालवांचीं पिल्लें बसत. परंतु अंथरूण घालून निघून जाणारा पाहुणा आम्हांस एकही भेटला नाहीं. जे गेले, ते मेले म्हणून गेले.

त्या सुमारास सुट्टींत गांवीं गेलों असतां बंधु शेतांत कांदा काढीत होते. आमच्या लहानपणचें कोरडें रान आतां राहिलें नाहीं. कुकडीच्या कालव्यांनीं जुन्नरच्या पूर्व पट्ट्याचें रूप पालटलें आहे. बांधावर बसून आम्ही त्यांस विचारलें, "अण्णा, तुम्ही माझ्यासाठीं शाळा सोडलीत ना?" इतकीं वर्षें हें आम्ही मनांत धरून होतों, विचारलें कधींच नव्हतें.

अण्णांनीं कांद्याची पात पिळून तोडली. "तुझ्यासाठी कशाला? फीचे पैसे एकापुरतेच होते. मास्तर म्हणाले, धाकटा हुशार आहे. बसली तुझी वर्णी." मग हंसून म्हणाले, "मला गणित आवडायचं. तुला कुठं माहीत असणार?"

त्यांच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. म्हणूनच आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर कांद्याच्या पिशव्या शिवल्या.

त्या मुलीचा ठावठिकाणा लावणें अवघड नव्हतें. ती त्याच बंदरावर वडिलांच्या दोन होड्यांचा कारभार पाहत होती. नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस होते. पावसाळ्यासाठीं शाकारलेल्या होड्या उघडून त्यांची डागडुजी चालली होती. ती एका तळाखालीं बसून खरवडणी घेऊन जुनीं कवचें काढीत होती. आम्ही तिची मूळ वही बरोबर नेली होती. लाल रेघेसकट ती आमच्या कपाटांत राहिली होती. जें सांगावयाचें तें आम्ही सांगितलें. तिचें बरोबर होतें, आमचें चुकलें होतें, आणि चूक मोजण्याची नव्हती, आमच्या मानण्याची होती.

तिनें हात पुसून वही घेतली, पानें चाळलीं. "सर, हें आमच्या बाबांना विचारलं असतंत तरी चाललं असतं," ती म्हणाली. "होडी कुठल्या महिन्यांत पाण्यांत सोडली, त्यावर तळाला काय लागणार तें ठरतं. दिवाळीला कवच, शिमग्यानंतर लोळा. म्हणून तर मी तीन वेळा टांगल्या होत्या."

तीन वेळा कां, हें आम्हीं सन २००४ मध्यें तिला विचारलेंच नव्हतें.

आम्हीं तिला सुचविलें कीं, जुने आंकडे आणि आमचे नवे आंकडे एकत्र करून लेख लिहावा, तिचें नांव आधीं घालून. तिनें लगेच होकार दिला नाहीं. मासेमारी सुरू झाली म्हणजे वेळ नसतो, धाकटीचें दहावीचें वर्ष आहे, असें ती म्हणाली, आणि पुढें, "पावसाळी फरशा दोन्ही वेळां वायां गेल्या. गाळ बसतो, कारण धक्क्याच्या आंतल्या बाजूला टांगल्या. बाहेरच्या बाजूला टांगून पाहूं. होडीवरून मीच बांधीन, तुम्ही उतरूं नका, घसराल."

दुसऱ्या वर्षीं जूनच्या पहिल्या आठवड्यांत तिनें चार फरशा बाहेरच्या खांबांस बांधल्या. आम्ही छत्री धरून धक्क्यावर उभे होतों आणि वहींत क्रमांक लिहून घेत होतों. चौथी फरशी बांधतांना तिनें वरून ओरडून कोरलेली खूण दोनदां वाचून दाखविली, आणि आम्हीं ती दोनदां लिहिली.